पाचशे सोमवारांची वाटणी

सोमवारी सकाळी उत्तमराव चुलीपुढच्या पाटावर येऊन बसले आणि काहीच बोलले नाहीत. शालूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर फुगवली, तरी आवाज नाही. मोठ्या तापातून उठून त्या आज पहिल्यांदा चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं निरखून पाहिलं आणि पिठाचा हात त्याच्या कपाळावर ठेवला.

"ताप तर न्हाई. मग काहून बोलून न्हाई राहिले?"

उत्तमरावांनी ओठांवर बोट ठेवलं. औंढ्याच्या दिशेला हात जोडले. शालूबाईंकडं बोट दाखवलं, पुन्हा हात जोडले आणि शेवटी पंजा पसरून समोर धरला.

"पाच भाकरी?"

उत्तमरावांनी मान हलवली.

"पाच पावणे येऊन राहिले?"

उत्तमरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"डोकं दुखून राहिलं व्हय! मग तसं तोंडानं सांगा की. मी सुंठ उगाळते."

कपाळभर सुंठ लावून उत्तमराव घराबाहेर पडले.

सोनवाडीचा बाजार सोमवारचा. बाळापूरच्या अलीकडची सात-आठ खेडी त्या दिवशी तिथं गोळा होत, आणि बाजारातल्या चिंचेखाली उत्तमराव बसलेले असत. पलीकडं बैलबाजार. तिथले व्यवहार उपरण्याखाली होत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली एकमेकांची बोटं दाबत, आणि किंमत तिसऱ्याला कळत नसे. पण बोटं अडली की दोघं चिंचेखाली येत. उत्तमराव बोलायला लागत. बैलाच्या शिंगांपासून सुरू झालेलं बोलणं दोघांच्या आजोबांपर्यंत जाई, आणि तिथवर पोचेपर्यंत सौदा जुळलेला असे. बांधाची भांडणं, सोयरिकी, रुसलेल्या सुना, सगळं त्याच झाडाखाली मिटे. याबद्दल ते कुणाकडून काही घेत नसत. लोक ऐकतात, एवढं त्यांना पुरे होतं. सहा दिवस ते शेती करत आणि सातव्या दिवशी जगत.

त्या सोमवारी ते चिंचेखाली मुके बसले. लोक आले, बोलले, वाट पाहून परत गेले. दुपारी उत्तमरावांनी तोंडापुढची माशी हाकलली, आणि त्या इशाऱ्यावर एका शेतकऱ्याचा गोऱ्हा विकला गेला.

सूर्य मावळल्याबरोबर ते धावत घरी आले.

"अगं, मी नवस केला व्हता! तुझा ताप उतरंना म्हून नागनाथाला म्हणलं, पाच सोमवार मुका राहीन. दिस उगवल्यापासून मावळेस्तोवर."

"मुकं राहायचं काहून बोललात? वांगं सोडायचं, गूळ सोडायचा."

"आवडती गोष्ट सोडायची असती. वांगं सोडलं असतं तर देव म्हणला असता, हा ठकवून राहिला."

शालूबाईंना हे पटलं. "मग पाच सोमवार. पंजा दाखवत व्हते ते हेच व्हय?"

उत्तमरावांनी खाली पाहिलं. "पाचनं उतरला न्हाई. मग अकरा म्हणलं. एकावन्न म्हणलं. शंभर म्हणलं, तर तुझे दात वाजायला लागले. मग मी डोळे मिटून म्हणलं, जाऊ दे नागनाथा, पाचशे! आन् तुला घाम फुटला."

"वैद्याचा काढा कवा देला व्हता?"

"त्याच दुपारी."

"म्हंजी घाम येऊनच राहिला व्हता! एकावन्नावर घटकाभर दम धरायचा की. बैलबाजारात दुनियेला शिकवता, घाई करू नगा म्हून, आन् सोता देवापुढं चढतच गेले?"

"बैल व्हता का तो?" उत्तमराव एकदम म्हणाले. "तू व्हतीस."

शालूबाईंनी ताटात भाकरी वाढली आणि वर नेहमीपेक्षा मोठा लोण्याचा गोळा ठेवला. मग विचारलं, "पाचशे सोमवार म्हंजी किती दिस?"

"आखाडीपतुर सरतील."

या अंदाजामागं हिशेब होता. पाचशे पेंढ्या कडबा त्यांच्या दोन बैलांना चार महिनेही धड पुरत नसे. पाचशे हा आकडा त्यांनी आयुष्यभर चार महिन्यांत संपताना पाहिला होता.

त्यांचं समाधान एक रात्र टिकलं. सकाळी लिंबाजी धनगर मेंढरं घेऊन दारावरून चालला होता. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. नवसाची गोष्ट ऐकून तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"दादा, माझं लगीन झाल्यावर आमी बाजार मोजत व्हतो. शंभर बाजार झाले तवा थोरलं पोरगं रांगायला लागलं. मग दुसरं झालं. शंभर बाजाराला एक लेकरू, असं बराबर चाललं बघ."

"मग?"

"मग पाचशे बाजार म्हंजी पाच लेकरं."

उत्तमराव ओसरीवरून उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. लिंबाजीचं पाचवं लेकरू झालं तेव्हा थोरल्याच्या हातात काठी आली होती आणि तो एकटा मेंढरं राखत होता. पायात वहाणा न घालताच ते शाळेकडं निघाले.

शाळा मारुतीच्या देवळात भरत असे. गुरुजी तरुण होते आणि त्यांना असला प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. त्यांना मनापासून आनंद झाला.

"सोपं आहे. महिन्याचे आठवडे चार. वर्षाचे महिने बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस. पाचशेला अठ्ठेचाळीसनं भागू." त्यांनी खडूनं भागाकार मांडला. "दहा वर्षं. वर पाच महिने."

"गुरुजी," उत्तमराव खोल आवाजात म्हणाले, "फळा पुसा."

"फळा पुसून हिशेब बदलत नाही, उत्तमराव."

"मला बावन्नावं लागलंय. मी बासष्टीचा व्हईन! पुना बघा. नागनाथासाठी पुना बघा."

गुरुजींनी पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे हो! महिना काही अठ्ठावीस दिवसांचा नसतो. काही महिन्यांत सोमवार पाच येतात. वर्षाचे आठवडे बावन्न धरायला हवेत." त्यांनी नव्यानं भागलं. "नऊ वर्षं आणि बत्तीस आठवडे."

उत्तमराव घरी आले ते जवळजवळ पळतच. "अगं ए! नऊ म्हैने वाचले! वर्साचे आठवडे बावन्न असतात!"

शालूबाई ज्वारी निवडत होत्या. "मग आता सोमवार किती राहिले?"

"पाचशे. म्हंजी एक झाला, चारशे नव्व्याण्णव."

"आन् आदी किती व्हते?"

"तेवढेच."

"मग वाचलं काय?"

उत्तमराव आत जाऊन आडवे झाले.

पुढचा सोमवार पहिल्यापेक्षा वाईट गेला. दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले. उत्तमरावांनी हातांनी समजावलं, तर एकाला वाटलं बांध त्याचा, दुसऱ्याला वाटलं दोघांचा, आणि दोघं मिळून उत्तमरावांवर रुसून गेले. एक सोयरीक तुटता तुटता राहिली. संध्याकाळपर्यंत उत्तमरावांच्या पोटात न बोललेल्या गोष्टी इतक्या साचल्या की त्यांना जेवण जाईना. नवस मोडावा म्हटलं तर देवानं दिलेलं माणूस देव परत मागेल. शालूबाई नुसत्या शिंकल्या तरी उत्तमराव त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघत.

मंगळवारी त्यांनी गाडी जुंपली आणि लिंबाजीला सोबत घेऊन औंढ्याला गेले. देवळाच्या ओवरीत एक म्हातारे पुजारी बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकायला त्यांना पुष्कळ वेळ लागला, कारण आज मंगळवार होता.

"नवस माघारी घेता येत नाही," पुजारी म्हणाले.

"व्हय."

"कमीही करता येत नाही."

"व्हय," उत्तमराव आणखी बारीक आवाजात म्हणाले.

"पण वाटून घेता येतो. ज्याच्यासाठी बोललात, त्याच्यावर ज्यांचा जीव आहे, त्यांनी वाटा उचलला तर देव नको म्हणत नाही. एका दिवशी दहा माणसं मुकी राहिली तर दहा सोमवार फिटतात."

गाडी परतीच्या निम्म्या वाटेवर आली. मग लिंबाजीनं बैलांचा कासरा ओढला आणि गाडी मधोमध थांबवली.

"दादा. धा मानसांनी धा. मग पाचशे मानसांनी?"

उत्तमरावांनी त्याच्याकडं पाहिलं. पाचशे माणसं म्हणजे बाजार. सोमवारचा बाजार!

घरी शालूबाईंनी हा बेत ऐकला आणि सूप खाली ठेवलं. "म्या जगावं म्हून तुमी बोललात, आन् आता गावाला वाटून राहिले? लोक काय म्हणतील? नवऱ्याला बायकोचा भार झाला!"

"अगं, लोकांचा तुझ्यावर जीव हाय का न्हाई, ते तर बघू."

आणि जीव होता. शालूबाईंना त्या दिवशीच कळलं की तो किती होता. भाजी विकणाऱ्या जमनाबाई सगळ्यात आधी आल्या. "माझी धाकटी आडवी आली व्हती तवा ह्या बाईनं दोन दिस माझ्या उशाला काढले. म्या एक दिस त्वांड मिटू नये व्हय?" बाळंतपणं, आजारपणं, उसनं नेलेलं लोणचं, सासूपासून लपवलेलं रडणं, ज्याच्या त्याच्याकडं काही ना काही निघालं. लोकांनी आपापल्या सोयऱ्यांना सांगितलं. मोजणी चुकू नये म्हणून गुरुजींनी युक्ती काढली. मौन धरणाऱ्यानं बेलाचं पान लावायचं, पुरुषांनी पटक्यात, बायकांनी अंबाड्यात. पाचशे पानं मोजून द्यायची.

शंका पुष्कळ निघाल्या. तान्ही लेकरं धरायची का? गुरुजी म्हणाले, ज्याला बोलता येतं त्याचंच मौन. लिंबाजीनं आपली शंभर मेंढरं देऊ केली, ती याच मुद्द्यावर नाकारली गेली. एका आजोबांनी विचारलं, दिवसभर झोपलं तर चालतं का? चालतं, पण झोपेत बडबडलं तर वाटा बाद. आजोबा जागं राहायला तयार झाले. उत्तमरावांनी आपले झालेले दोन सोमवार हिशेबातून सोडून दिले. पाचशे म्हणजे पाचशे, देवाला सुटे नकोत.

ठरलेल्या सोमवारी दिवस उगवला आणि सोनवाडी मुकी झाली.

बाजार मात्र भरला. ज्वारीची पोती सुटली, मिरच्यांचे ढीग लागले, बांगडीवाल्यानं पेटी उघडली आणि कुणी एक शब्द बोललं नाही. पहिला घोळ भाव करण्यात झाला. मग बैलबाजारातल्या एकानं जमनाबाईंपुढं उपरणं धरलं आणि त्याखाली बोटं दाबली. जमनाबाईंनी झटक्यानं हात काढून घेतला आणि त्याच्या हातावर वांगं मारलं. पण कल्पना सगळ्यांनी उचलली. बायका बायकांशी पदराखाली भाव करू लागल्या. मेथीची जुडी, अंबाडी, बोंबील, सगळं कापडाखाली चाललं. कोणाला काय भावानं मिळालं ते शेजारणीला कळेना, त्यामुळं कुणाचं कुणाशी भांडण होईना. उत्तमराव पटक्यात बेलाचं पान खोचून चिंचेखाली बसले होते आणि सूर्याकडं पाहत होते. दुपार झाली होती. निम्मी वाट सरली होती.

तेवढ्यात एका शिपायाला घेऊन गुलाबसिंग जमादार आले.

जमादार आठवड्यापूर्वीच या भागात बदलून आले होते. जमावबंदीची दवंडी त्या साली वरचेवर पिटली जात होती, आणि निघताना पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी त्यांना डोळे उघडे ठेवायला बजावलं होतं. बाजार अर्ध्या कोसावरून ऐकू येतो, हे त्यांना माहीत होतं. इथं वेशीपर्यंत आलं तरी पाखरांचा आवाज येत होता. आत येऊन पाहतात तो शेकडो माणसं, सगळी मुकी, सगळ्यांच्या डोक्याला एकच हिरवी खूण आणि जिकडंतिकडं कापडाखाली हात.

"ये क्या चल रहा है?" जमादार घोड्यावरून गरजले.

उत्तर नाही. त्यांनी बांगडीवाल्याला विचारलं. त्यानं हात जोडले. गुरुजींना विचारलं. गुरुजींनी आकाशाकडं बोट दाखवलं. जमनाबाईंना विचारलं, तर त्यांनी सवयीनं पदर पुढं केला.

"मुखिया कौन है तुम्हारा?"

कुणी बोललं नाही. पण पाचशे माणसांनी एकदमच चिंचेकडं पाहिलं.

जमादारांनी उत्तमरावांचा दंड धरून त्यांना उभं केलं. उत्तमरावांना हे समजावून सांगणं अवघड नव्हतं, फक्त तोंड उघडायचं नव्हतं. त्यांनी औंढ्याच्या दिशेला हात केला.

"औंढे में भी लोग हैं?" जमादारांचा आवाज बदलला.

उत्तमरावांनी घाईनं नकारार्थी मान हलवली, शालूबाईंकडं बोट दाखवलं आणि पंजा पसरला.

"औरतें भी शामिल! पाँच... पाँच गाँव?" जमादार शिपायाकडं वळले. "दौड़! अमीनसाब पास के गाँव में ठहरे हैं। बोल, पाँच गाँव बिगड़ गये!"

शिपाई घोडा फेकत गेला. उत्तमरावांचे हात हवेतच राहिले. मग जमादार हातात दोर घेऊन शालूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, तू बता। नहीं तो इस आदमी को बाँध के ले जाता हूँ।"

शालूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. दोराकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"थांबा, जमादारसाब!" उत्तमराव ओरडले. "तिला बोलाया लावू नगा! हे सगळं तिच्याचसाठी हाय!"

बाजारभर एक उसासा फिरला. गुरुजींनी डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. एक गेला. चारशे नव्व्याण्णव. जमनाबाईंनी हातातली मेथी कपाळावर मारून घेतली.

आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा उत्तमरावांनी सगळं सांगितलं. ताप, काढा, पाच, अकरा, एकावन्न, लिंबाजीची लेकरं, फळ्यावरचा भागाकार, पुजारी, बेलाचं पान. जमादारांचा चेहरा आधी लाल होता, मग गोरा झाला, मग पांढरा.

"मतलब बलवा नहीं है?"

"न्हाई जी."

"मन्नत है?"

"व्हय जी."

जमादार चिंचेच्या पारावर बसले. "और मैंने अमीनसाब को खबर भेज दी। पाँच गाँव बिगड़ गये बोला। नौकरी का पहला हफ्ता है मेरा इधर।" त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "क्या जवाब दूँ मैं उनको?"

उत्तमरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. तीन सोमवारांत पहिल्यांदाच चिंचेखाली एक अडलेला माणूस बसला होता आणि उत्तमरावांना बोलता येत होतं. ते शेजारी टेकले.

"जमादारसाब, तुमाला जवाब द्यायचाच न्हाई, असं झालं तर?"

"वो कैसे?"

"आमचा अर्धा सोमवार कमी पडून राहिला. सकाळधरनं दुपारपतुर म्या मुका व्हतो, तो अर्धा झाला. दुपारधरनं मावळेस्तोवरचा अर्धा तुमी उचला. मुक्या मानसाला साहेब काय इचारणार? बोलायचं ते मी बोलतो."

लांबून गुरुजींनी दोन्ही हातांचे पंजे समोर आणले, एकमेकांना जोडले आणि जोरजोरात मान डोलावली. अर्धा आणि अर्धा एक.

"पण एक अट हाय," उत्तमराव म्हणाले. "तिच्यावर जीव पाहिजे. ज्यांचा जीव हाय त्यांचाच वाटा चालतो."

रस्त्यावर धूळ दिसू लागली होती. जमादारांनी तिकडं पाहिलं, मग हात जोडून शालूबाईंकडं पाहिलं. "बहन, इस वक्त तो मेरी जान पूरी तुझमें अटकी है।"

त्यांनी उत्तमरावांच्या पटक्यातलं बेलाचं पान काढलं, आपल्या पटक्यात खोचलं, पटका डोक्यावर चढवला आणि तोंड मिटलं.

अमीनसाहेब चार शिपाई घेऊन आले. "जमादार! कहाँ है वो पाँच गाँव?"

जमादारांनी सलाम ठोकला, ओठांवर बोट ठेवलं आणि औंढ्याच्या दिशेला हात जोडले.

अमीनसाहेबांनी असा सलाम कधी पाहिला नव्हता. ते दुसऱ्यांदा विचारणार, इतक्यात उत्तमराव पुढं झाले.

पुढचे दोन तास सोनवाडीत एकच माणूस बोलत होता. अमीनसाहेबांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि उत्तमराव सुरू झाले. त्यांना अडवणारं, दुरुस्त करणारं, "पुरे आता" म्हणणारं कुणी नव्हतं, कारण सगळ्यांची तोंडं बांधलेली होती. पाच गावांचा उलगडा त्यांनी असा केला की जमादारसाब दूरदृष्टीचे, पाच गावांची माणसं एका जागी इतकी शांत आहेत, हे साहेबांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून त्यांनी निरोप धाडला. लिंबाजीला इथं खोकला आला. त्यानं तो गिळला.

अमीनसाहेब ऐकत होते. "पाँच सौ हफ्ते," ते बोटं मोजत म्हणाले. "मतलब साढ़े नौ बरस से कुछ ऊपर।" गुरुजींनी भारावून त्यांना नमस्कार केला. पहिल्या झटक्यात बरोबर सांगणारा हा पहिलाच माणूस होता. "एक बात बताओ, उत्तमराव। पाँच सौ में भी बुखार न उतरता तो?"

"तर हजार म्हणलो असतो जी," उत्तमराव विचार न करता म्हणाले.

बायकांच्या घोळक्यात शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पदराखाली कुणीतरी त्यांची बोटं दाबली, आणि या वेळी त्यात कसलाही भाव नव्हता.

अमीनसाहेब हसत उठले. घोड्यावर बसताना त्यांनी जमादारांकडं पाहिलं. "गुलाबसिंग, मैंने तेरे मुँह से आज पहली बार कोई गलत बात नहीं सुनी। हर सोमवार ऐसे ही रहा कर।" शिपाई निघून गेले आणि धूळ बसली. जमादारांच्या चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की ते पाहून लेकरंसुद्धा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

मग सूर्य मावळला.

गुरुजींनी सूर्य बुडेपर्यंत वर धरलेला हात खाली केला आणि पाचशे माणसं एकदम बोलायला लागली. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. जमनाबाई सकाळच्या वांग्याबद्दल बोलत होत्या, आजोबा झोप कशी आवरली ते सांगत होते, जमादार सगळ्यांना मिठ्या मारत होते. फिटला! पाचशे सोमवार एका दिवसात फिटले होते. उत्तमराव चिंचेच्या पारावर चढले, सगळ्यांचे उपकार मानायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून नुसतीच हवा आली.

तीन सोमवारांचं साचलेलं दोन तासांत बोलून त्यांचा घसा बसला होता.

रात्री शालूबाईंनी हळदीचं दूध पुढं ठेवलं. "दोन-तीन दिस बोलू नगा, वैद्यबुवा म्हणले. घोट घोट घ्या." मग त्या समोर बसल्या. घरात दोघंच होती.

"हजार म्हणला असता व्हय?"

उत्तमरावांनी मान डोलावली.

"हजार म्हंजी किती वर्सं?"

या हिशेबाला आता फळा लागत नव्हता. उत्तमरावांनी दोन्ही पंजे दाखवले, मग एक बोट दुमडून पुन्हा दाखवले.

"एकोणीस. म्हंजी तुमी एकाहत्तरीचे." शालूबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "अवो, पण नवस फिटेस्तोवर देव मानसाला नेत न्हाई. देणं बुडवून कसा नेईल? म्हंजी पाचशे सोमवार फेडत बसला असता, तर साडेनऊ वर्सं तुमाला धक्का नव्हता. पक्की व्हती. लिवून देल्यावानी!"

उत्तमरावांनी पेला खाली ठेवला.

"आन् तुमी ती गावाला वाटून टाकली," शालूबाई म्हणाल्या. "अर्धा सोमवार तर त्या जमादाराला देला!"

याला उत्तर होतं. उत्तमरावांजवळ चांगली तीन उत्तरं होती. त्यांनी घसा खाकरला, हात उचलले, औंढ्याकडं वळवले, खाली घेतले आणि शेवटी शालूबाईंकडं पाहून आवाज न करता हसायला लागले. खांदे गदगद हलत होते. शालूबाईही हसायला लागल्या. त्यांचा आवाज शाबूत होता, त्यामुळं दोघांच्या वाटचं त्याच हसल्या.